चौथ्या पायरीची पावती

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरचा, वय ४३. अक्कलकोट रोडच्या एका चादर-टॉवेल कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारा, आहे. वीस वर्षं मागांवरच गेली. दीड वर्षापूर्वी एका ध्यानवर्गाला जायला लागलो. आता पहाटे साडेतीनला उठून दीड तास बसतो. दुसरी पाळी असली की घरी यायला साडेबारा होतात, तरी पहाट चुकवत नाही. चार-पाच महिन्यांपासून बसल्यावर कानात बारीक सूर ऐकू येतो, भुंग्यासारखा, कधी शिट्टीसारखा. डोळे मिटले की छातीपाशी हिरवट उजेड दिसतो. मधेच अंगाला झटका बसतो.

वर्गातल्या सरांनी भिंतीवरचा तक्ता दाखवून सांगितलं, तुम्ही सातांपैकी चौथ्या पायरीवर आहात. त्या तक्त्यात आपली चक्रं, सूफींचे लतीफे (शरीरातली सूक्ष्म केंद्रं), ज्यूंचे आत्म्याचे थर, एका ख्रिस्ती संतिणीची सात दालनं, सगळं एकासमोर एक मांडलंय. पाचव्या पायरीच्या शिबिराचे २१,००० रुपये आहेत. त्यातले ५,००० मी भरले. बायकोला सांगितलेलं नाही. ती म्हणते, "तुम्ही घरात असून नसल्यासारखे." परवा मागाजवळ उभ्या उभ्या डुलकी लागली. दोस्त ओरडला, "का बे, ध्यान करूलालास का झोपूलालास?" सगळे हसले.

मी खरंच कुठल्या पायरीवर आहे? ही तुरीय, म्हणजे जागेपण, स्वप्न आणि झोप यांपलीकडची चौथी, अवस्था आहे का? पुढं जावं की थांबावं?

— एक वाचक, सोलापूर

उत्तर

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दोन्ही वेळा मला आधी उजेड दिसला नाही, माग दिसला. म्हणून कानापासून सुरू करते. राग मानू नका.

वीस वर्षं तुम्ही अशा शेडमध्ये उभे आहात जिथं शेजारच्याला काही सांगायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही कारखान्यांसाठीची आपल्याकडची मर्यादा. धोट्याचे माग एकत्र धडधडत असले की आवाज बहुधा तिच्या वरच असतो. अशा आवाजानं कानाच्या आतल्या बारीक केसांसारख्या पेशी मरतात आणि परत उगवत नाहीत. आधी जातात ते उंच सूर, ४,००० हर्ट्झच्या आसपासचे. बोलणं नीट ऐकू येत असतं, त्यामुळं माणसाला पत्ताच लागत नाही. मग त्या रिकाम्या जागी मेंदू स्वतःच एक सूर धरतो, शिट्टीचा नाहीतर भुंग्याचा. दिवसा तो गोंगाटात बुडून जातो. पहाटे साडेतीनला, गल्लीतलं कुत्रंसुद्धा गप्प असताना, तो वर येतो.

तुमच्या सरांनी 'भुंगा' ऐकून मान डोलावली असेल, तर ती हवेतून नाही डोलावली, हेही सांगते. पंधराव्या शतकातल्या हठयोगप्रदीपिकेच्या चौथ्या भागात नादांची यादी आहे. सुरुवातीला समुद्र, मेघ, भेरी. मधे मृदंग, शंख, घंटा. शेवटी घुंगरू, बासरी, वीणा आणि भ्रमर. म्हणजे भुंगा आहे, आणि शेवटच्या टप्प्यात आहे. पण त्याच ग्रंथात पुढं हेही आहे, की शब्द आहे तोवर आकाशाची कल्पना शिल्लक असते. जे निःशब्द तेच परब्रह्म. भुंगा मुक्कामाचं गाव नाही, वाटेवरचा थांबा आहे. तिथं कुणी तिकीट फाडत नाही.

मग तुमचा भुंगा कुठला? पाळीवरून आल्यावर तो वाढतो का, लागोपाठ दोन सुट्ट्या मिळाल्या की कमी होतो का, एका कानात जास्त आहे का, एवढं आठवडाभर बघा. आणि कानाच्या डॉक्टरकडे जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. ते केल्यानं श्रद्धेला धक्का बसत नाही. पतंजलींनी चित्ताच्या विक्षेपांची यादी दिली आहे, त्यात पहिला शब्द 'व्याधी' आहे. संशय, आळस, भ्रांती हे सगळे त्याच्या मागून येतात.

झटका आणि उजेड यांचं थोडक्यात उरकते. साडेबाराला घरी, दोन घास खाऊन एक वाजता आडवे, साडेतीनला उठणं. अडीच तास झोप. झोप लागता लागता खड्ड्यात पडल्यासारखा पाय झटकतो, तो सगळ्यांना माहीत असतो. मिटल्या डोळ्यांपुढं रंगांचे ढग त्याच उंबऱ्यावर येतात. थकलेलं शरीर ध्यानाच्या आसनावर बसलं की त्या उंबऱ्यावर पुन्हा पुन्हा घुटमळतं. तुमच्या दोस्ताचा प्रश्न हसण्यावारी गेला खरा, पण इतका नेमका प्रश्न मला हल्ली कुणी विचारलेला नाही. चालू मागाजवळ डुलकी लागणं हा वेगळाच विषय आहे. तिथं बोट जातं.

आता तो तक्ता. हिरवा उजेड, म्हणून हृदयाचं चक्र, म्हणून चौथी पायरी, असं गणित मांडलं गेलं असणार. चक्रांना इंद्रधनुष्याचे रंग ओळीनं देण्याची पद्धत विसाव्या शतकातली, आणि तीही पश्चिमेकडं घडलेली. बंगालच्या पूर्णानंदांनी १५७७ मध्ये षट्चक्रांचं जे वर्णन लिहिलं, त्यात हृदयातल्या कमळाची कांती बंधूक फुलासारखी आहे. बंधूक म्हणजे आपलं 'दुपारी' नावाचं फूल, लालभडक. नाभीच्या कमळाच्या पाकळ्या भरून आलेल्या ढगांच्या रंगाच्या. त्या हिशोबानं तुमच्या हिरव्याला पायरीच मिळत नाही! मी चेष्टा करत नाही. उजेडाच्या रंगावरून माणसाची जागा ठरवायला निघालं की काय होतं, ते दाखवते आहे.

बाकीचे रकाने तर एकमेकांशी बोलतच नाहीत. चक्रं पाठीच्या कण्याच्या रेषेत, खालून वर. नक्शबंदी पंथाच्या सूफींचे पाच लतीफे, कल्ब, रूह, सिर्र, खफी, अखफा, हे सगळे छातीतच, डावीकडं, उजवीकडं, मधे. त्यांना वर चढायचंच नाही. ज्यूंच्या कब्बाला या गूढ परंपरेतले नेफेश, रुआख, नेशामा हे आत्म्याचे थर आहेत, ध्यानाच्या बैठकीत येणाऱ्या अवस्था नव्हेत. त्या परंपरेत तर एक कडक गोष्टच सांगतात. चार विद्वान आतल्या बागेत शिरले. एक मेला, एकाचं डोकं फिरलं, एकानं रोपं छाटून टाकली, आणि अकिवा नावाचा एकच जण धड आत गेला आणि धड बाहेर आला. चौघेही पंडितच होते. त्या बागेच्या दाराशी तक्ता टांगायचं कुणाला सुचलं नाही.

आणि तुमची ती सात दालनांची संतीण म्हणजे स्पेनमधल्या आविला गावची तेरेसा. तिनंही आपलं पुस्तक १५७७ मध्येच लिहिलं, पूर्णानंदांच्याच वर्षी; दोघांना एकमेकांची गंधवार्ता नाही. तिनं आत्म्याला किल्ला म्हटलं, त्यात सात दालनं सांगितली. पण पहिल्याच दालनात ती बजावते की ही एकामागे एक ओळीनं लावलेली समजू नका. एका ताडाच्या जातीच्या झाडाचा गाभा जसा अनेक सालींच्या आत असतो तसा मधला राजवाडा समजा, आणि दालनं वर, खाली, बाजूला, सगळीकडं. जिचा हवाला देऊन पायऱ्या विकल्या जात आहेत, तिनंच पायरी ही कल्पना दारात मोडलेली आहे.

तिची अजून एक गोष्ट खास तुमच्यासाठी. तिच्या मठांत काही जोगिणी उपास आणि जागरणं करून तासन् तास गुंगीत पडत आणि तिलाच समाधी म्हणत. एक जण तर आठ तास तशी होती. तेरेसानं त्याला सरळ बावळटपणा म्हटलं. उपाय सांगितला तो असा: उपास कमी करा, नीट खायला घाला, झोपू द्या. ही बाई स्वतः भावावस्थेत जाणारी होती, म्हणून तिला फरक कळत होता.

आता तुमचा खरा प्रश्न, तुरीय. इथं मला जरा रेंगाळू द्या, कारण माझ्या मते सगळा घोटाळा 'चौथी' या शब्दानं केलाय.

मांडूक्य उपनिषद अवघ्या बारा मंत्रांचं. जागेपणी बाहेरचं जाणणारा तो वैश्वानर, स्वप्नात आतलं जाणणारा तैजस, गाढ झोपेत सगळं एकवटलेला प्राज्ञ. हे तीन रोज रात्री तुमचे-आमचे सगळ्यांचे होतात, फी न भरता. सातव्या मंत्रात चौथ्याचं वर्णन सुरू होतं आणि सगळे 'नाही'च येतात. आतलं जाणणारं नाही, बाहेरचं जाणणारं नाही, दोन्हीकडचं जाणणारंही नाही. दिसत नाही, धरता येत नाही, त्याला खूण नाही. खूण नाही, भाऊ. हिरवी नाही, निळी नाही. आणि शेवटी उपनिषद काय म्हणतं? 'चतुर्थं मन्यन्ते'. चौथं *मानतात*. आहे असं म्हणत नाही. मोजायची सवय लागलेली माणसं त्याला चौथं म्हणतात, एवढंच. तीन खोल्यांच्या पुढची ती चौथी खोली असती, तर पहिल्या तीन खोल्यांत असताना ती नसती. पण ते तर तिन्हींत आहे.

हे मला पुस्तकापेक्षा तुमच्या धंद्यातून सांगायला सोपं जातं. जॅकार्डवर नक्षीचे भोकांचे पुठ्ठे बदलले की मोर जाऊन फूल येतं, फूल जाऊन नुसती पट्टी येते. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, तोच असतो. चादर बघणाऱ्याला मोर दिसतो, फूल दिसतं, ताणा म्हणून वेगळा कुणी दाखवू शकत नाही. 'ताणा' नावाचं चौथं डिझाईन मागायला कुणी गिऱ्हाईक आलं, तर तुम्ही त्याला काय म्हणाल? आणि त्याचे २१,००० घ्याल का?

त्या मंत्रात अजून एक शब्द आहे, 'अव्यवहार्यम्'. व्यवहारात येत नाही ते. पाच हजारांची पावती मिळाली असेल तर तिच्यामागे हा शब्द लिहून ठेवा.

मग या परंपरांनी पायऱ्या, थर, कोश सांगितलेच कशाला, असं तुम्ही विचाराल. सूफींनी एक फार सोयीचा भेद केलाय. लाहोरचे सूफी हुजवेरी अकराव्या शतकात तो सविस्तर सांगून गेलेत. 'हाल' वेगळा, 'मकाम' वेगळा. हाल म्हणजे येणारी-जाणारी अवस्था, देणारा देतो तेव्हा येते, तुमच्या हातात नसते. (आपल्या मराठीत हालांचा अर्थ भलताच झालाय, आणि तुमची झोप बघता तोही लागू पडतो.) मकाम म्हणजे मेहनतीनं मिळवलेली आणि टिकणारी जागा. मकामांची नावं बघा: तौबा, सब्र, शुक्र, तवक्कुल. पश्चात्ताप, धीर, कृतज्ञता, भरवसा. त्यात उजेड नाही, आवाज नाही. आणि या जागा माणसाला स्वतःला दिसत नाहीत, घरच्यांना दिसतात. तुमच्या घरच्यांचा अहवाल तुमच्याच पत्रात आहे: "घरात असून नसल्यासारखे."

तैत्तिरीय उपनिषदात भृगू बापाकडं जातो, म्हणतो, ब्रह्म शिकवा. वरुण म्हणतो, तप करून जाण. भृगू परत येतो: अन्न हेच ब्रह्म. बाप म्हणतो, तप कर. मग प्राण. तप कर. मग मन, मग विज्ञान, दर वेळी तेच उत्तर. बापानं एकदाही म्हटलं नाही की शाब्बास, दुसरी झाली, तिसरी झाली. शेवटी भृगू आनंदापर्यंत पोचतो. मला सगळ्यांत आवडतं ते त्याच्या लगेच पुढचं वाक्य. एवढ्या उंचीवरून उपनिषद थेट खाली उतरतं आणि व्रतं सांगतं: अन्नाची निंदा करू नको. अन्न पुष्कळ कर. घरी वस्तीला आलेल्या कुणालाही नाही म्हणू नको. आनंदमयाच्या नंतर स्वयंपाकघर आणि ओसरी. त्या तक्त्यात सातव्या पायरीनंतर हा रकाना आहे का, बघून सांगा.

आपल्या गावचीच एक गोष्ट आहे, पण ती माझ्या बोलण्याच्या थोडी उलट जाते. लपवत नाही, सांगतेच. बाराव्या शतकात सोलापूर सोन्नलगी होतं तेव्हा सिद्धरामेश्वर माणसं घेऊन तळं खोदत होते. गड्ड्याच्या यात्रेला तुम्ही दरवर्षी ज्याच्या काठानं फिरता तेच तळं. शरणांच्या, म्हणजे बसवण्णांच्या शिवभक्तांच्या, परंपरेत सांगतात की त्यांच्यातले संत अल्लमप्रभू तिथं आले आणि 'माती उपसणारा तो कुठाय' असं विचारून त्यांनी सिद्धरामांना डिवचलं. बाहेर खणतोस, आत कधी खणणार, असा त्याचा रोख. पुढं ते त्यांना कल्याणला (आजचं कर्नाटकातलं बसवकल्याण) बसवण्णांकडं घेऊन गेले. म्हणजे नुसतं लोकोपयोगी काम पुरत नाही, आत वळावंच लागतं, असं ती गोष्ट म्हणते, आणि मला ते मान्य आहे. म्हणून मी तुम्हाला बसणं सोडा असं म्हणणार नाही. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. अल्लमांनी तळं बुजवायला सांगितलं नाही. आणि त्या परंपरेतली सहा स्थलं (साधनेच्या जागा), भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण, ऐक्य, यांतल्या प्रत्येकात पुन्हा सहाही मानतात. भक्तातही ऐक्य आहे. पहिल्या स्थलावरचा माणूस शेवटच्याला पारखा नाही. शिडीची अशी एकेक पायरी करून दाखवा बघू!

थोडं माझं. एकोणतिसाव्या वर्षी मीही एका ठिकाणी जात होते. ठिकाणाचं नाव सांगत नाही, आता ते नाहीही. तिथं अनुभवांची वही ठेवायला सांगत. मी दोन वर्षं इमानेइतबारे लिहिली. तारीख, वेळ, काय दिसलं, किती वेळ, आणि समासात 'स्तर ३', 'स्तर ३ पूर्ण'. परवा-परवा ट्रंकेत सापडली. निळा बिंदू चौदा वेळा आला होता, मोजला. त्याच दोन वर्षांत आईच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. वहीत आई एकदाही नाही. मी वही फाडली नाही, पुन्हा ट्रंकेतच ठेवली.

आता काय करायचं ते.

दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात पहाटेचं बसणं बंद. सकाळी झोप पुरी करून, चहाआधी वीस मिनिटं बसा. पुरे. डुलकी लागली तर तिला डुलकी म्हणा आणि आडवे व्हा. पहिल्या पाळीला सवडीप्रमाणं, पण सहा-सात तास झोप झाल्याशिवाय नाही. सूर आला, उजेड आला, येऊ द्या, जाऊ द्या. त्याचं कौतुक नको, हाकलणंही नको. जपानचे झेन गुरू अशा दृश्यांना 'माक्यो' म्हणतात, आणि त्याविषयी शिष्याशी फार बोलतसुद्धा नाहीत.

कारखान्यात कानाला प्लग किंवा मफ लावा. दोस्त हसतील. हसू द्या, आणि त्यांच्यासाठीही चार जोड न्या. त्यांचे कान काही वेगळ्या मातीचे नाहीत.

आवाज कधी शब्द बोलायला लागला, हे कर ते कर असं सांगायला लागला, किंवा रात्रीच्या रात्री झोप न येताही अंगात ताकद सळसळतेय असं वाटलं, तर वर्गातल्या कुणाला विचारत बसू नका. त्याच दिवशी घरच्या माणसाला बरोबर घेऊन मनाच्या डॉक्टरकडं जा.

उरलेले १६,००० भरू नका. पाच हजार लेखी मागा, फोनवर नको. मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर त्यांच्यामागं वर्ष घालवू नका. वर्गातली माणसं चांगली असतील, एकत्र बसून तुम्हाला बरं वाटत असेल, तर त्यांच्याशी संबंध तोडायची गरज नाही. तुमच्या सरांना लबाड म्हणायला माझ्याकडं पुरावा नाही. तक्त्यावर त्यांचाही विश्वास असेल.

आणि बायकोला पाच हजारांचं सांगा. ही सगळ्यांत अवघड बैठक, मला माहीत आहे. रागावेल. रागावून झालं की विचारा, "नसल्यासारखा म्हणजे नेमकं कधी?" ती सांगेल. मधे बोलू नका. तिला तुरीय, चक्रं, लतीफे काही समजावू नका. हे माझं पत्रही वाचून दाखवू नका.

कानाचा रिपोर्ट आला की कळवा. हिरव्या उजेडाचं त्यानंतर बघू.

— तुमची ताई